लपून आलेली शिंगं

बकू गावातल्या कुठल्याही शर्यतीच्या बोकडाच्या सात पिढ्या माझा भाऊ कथबर्ट झोपेतही सांगेल. कोण कुणाच्या पोटचा, कुणाची मागची टांग कुणावर गेली, कुणाची आजी आधी दबकायची आणि मग बाणासारखी सुटायची, सगळं त्याला पाठ. आणि ह्याच माणसाला मी एवढंच विचारलं, की डॉक्टरांच्या तंबूत येऊन थोडं रक्त देशील का, तर म्हणाला, "ताई, मला बोकड पोहायला न्यायचाय," आणि चालता झाला.

मी यूलिन क्वाशी. वय पंचावन्न, आवाज मोठा, धीर कमी. पोर्ट ऑफ स्पेनहून आलेल्या डॉक्टर लीफंगबाईंसाठी मी आठ महिने घरोघर हिंडून वंशवृक्ष काढत होते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला त्याचा चौकोन पेन्सिलीनं काळा करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या टोबॅगोत पुरुष कॅन्सरनं मरतच नाहीत. ते जाळं ओढताना कमरेत चमक भरून मरतात, गार पाण्यात उभं राहून लघवी तुंबून मरतात, कुणाची नजर लागून मरतात. मग मी शेजारणीला विचारायची, शेवटी पायातलं बळ गेलं होतं का, हाडं दुखायची का, नळी लावली होती का. असं करत करत मी एक्केचाळीस घरांची झाडं काढली. त्यातले काळे चौकोन मोजले तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

हा रोग सगळ्या जगात होतो. पण ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्यांना तो जास्त होतो, लवकर होतो आणि वाढतोही जोरात. हे असं का, ते शोधायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. काही दोष परिस्थितीचा, हे त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं: दवाखाना लांब, लाज फार, आणि माणूस येतो तेव्हा उशीर झालेला. पण काही गोष्टी रक्तात लिहिलेल्या असतात. बहुतेकांत बारीकसारीक बऱ्याच खुणा असतात, एखाद्या घराण्यात मात्र एकच अक्षर चुकलेलं असतं आणि ते एकटं सगळा घात करतं. अडचण अशी, की शास्त्रज्ञांनी आजवर जे रक्त वाचलं ते बहुतेक गोऱ्यांचं. आमचं पुस्तक फळीवर तसंच पडून होतं. हे ऐकून सभा संपायच्या आत मी काम मागून घेतलं.

आणि माझ्याच घरातला माणूस हटून बसला.

कथबर्ट बावन्न वर्षांचा. आमच्या घरापासून समुद्रापर्यंतची वाट दहा मिनिटांची, आणि हल्ली तेवढ्या वाटेत तो दोनदा बदामाच्या झाडामागे जायचा. बोकड एकदाही जायचा नाही. मी बघत होते, पण त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. त्याचं एकच म्हणणं: "बाबा एक्क्याण्णवाव्या वर्षी नीरफणसावरून पडून गेले. आजोबा अठ्ठ्याऐंशी. क्वाशींचं रक्त स्वच्छ आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी म्हटलं, अरे, नुसती सुई आहे, बोट कुणी घालत नाहीये. तर म्हणाला, "आज सुई म्हणतील, उद्या हातमोजा काढतील." गावच्या दवाखान्यात तर तो पाऊल टाकणार नव्हता, कारण तिथल्या बाकावर कोण बसलंय ते अख्खं गाव बघतं. उरला होता शेवटचा तंबू. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बोकडांच्या शर्यतीच्या मैदानावरच तो लागायचा होता. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला बर्फाची पेटी विमानतळाकडे निघणार आणि डॉक्टरीणबाईंचं काम संपणार. पुढचं काही ठरलेलं नव्हतं. मला त्याला त्या तंबूत न्यायचं होतं, मग कान धरून का होईना.

शनिवारी मी डॉक्टरीणबाईंनाच गोठ्यावर घेऊन गेले. बाई पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि हुशार. रक्ताचं नाव काढलं नाही. बोकडाकडे बघत राहिल्या.

बोकडाचं नाव 'पाद्रीची घाई'. तांबूस, छातीला रुंद, आणि दोन्ही शिंगं मागे जाऊन पुन्हा पुढे वळलेली. आमच्या भागात अशी शिंगं दुसऱ्या कुठल्याच बोकडाला नाहीत. बाईंनी विचारलं, ही शिंगं बापावर गेलीत का?

झालं. कथबर्टची कळी खुलली. आतून तो आपली वही घेऊन आला. निळ्या पुठ्ठ्याची, दोरीनं बांधलेली, आमच्या आजोबांपासून चालत आलेली. प्रत्येक जनावराला एक ओळ: रंग, शिंगं, धाव, स्वभाव.

"बाप? बापाला शिंगं म्हणजे दोन काड्या," तो म्हणाला. "हे बघा. ह्याची आई 'तार'. तिला शिंगंच नव्हती. तिची आई 'पोस्टमास्तरीण'. तिलाही नव्हती. पण पोस्टमास्तरीणचा बाप बघा, दोन हजार चार सालचा. शिंगं मागे जाऊन पुढे वळलेली. बाबांनी चित्र काढून ठेवलंय."

"म्हणजे मधल्या दोन पिढ्या शिंगं दिसलीच नाहीत," बाई म्हणाल्या.

"दिसतील कशी? शेळ्यांतून लपून आली ना. म्हणून आमच्यात बोकड घेताना बापाकडे कुणी बघत नाही. बाप काय, शिंगं नाचवतो आणि वास मारतो. आधी शेळी बघायची. खाण तशी माती."

बाईंनी वही हळूच मिटली आणि त्याच्या हातात दिली. "आणि तुम्ही कुणाच्या पोटचे, मिस्टर क्वाशी?"

कथबर्टनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. बोकड तेवढा रवंथ करत राहिला.

आमची आई मर्टल शार्लटव्हिलची, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाची. रक्तदाबानं एका सकाळी पडली ती उठलीच नाही. मी सतरा वर्षांची होते, कथबर्ट चौदा. तिला पाच भाऊ होते आणि एक बहीण, ती अजून तिकडेच राहते. बाबांचं आणि त्यांचं लग्नातच कशावरून तरी बिनसलं होतं, त्यामुळे जाणं-येणं नव्हतं. पाच मामा कशानं गेले हे मला माहीत नव्हतं. एक्केचाळीस घरांत म्हाताऱ्यांच्या नळ्यांची चौकशी करणाऱ्या मला माझ्या मामांची माहिती नव्हती. स्वतःच्या घराचं झाड मी आमच्या ओट्यावर बसून, कुणाला न विचारता, पाच मिनिटांत काढलं होतं. आईच्या बाजूला लिहिलं होतं, 'काही नाही'.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. बाकीच्या घरांतही आईच्या बाजूला मी बहुतेक हेच लिहिलं होतं. पुरुषाचं दुखणं, म्हणून लोक बापाचं सांगायचे, आजोबांचं सांगायचे, आणि मी मान डोलावून पुढच्या घरी जायची. कागदावर रकाने दोन होते. मी एकच भरत आले होते. बाईंना मी हे सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस यूलिन, तुमची मावशी आहे ना अजून? उद्या-परवा जाऊन या. बाकीची घरं आपण पुन्हा करू." उलट त्यांना उत्साह आला होता हे मला दिसत होतं. बोलताना त्या बोटांवर बोटं चोळत होत्या.

सोमवारी मी आणि माझा मुलगा जबारी निघालो. जबारी एकोणतीसचा, विजेच्या तारा ओढायचं काम करतो आणि ईस्टरला मामाच्या बोकडामागे अनवाणी पळतो. त्याचा बाप त्रिनिदादला नोकरी शोधायला गेला तो अजून शोधतोच आहे. गाडी जबारीनं चालवली. वळणांवर मी त्याला हळू म्हणत होते आणि सरळ रस्त्यावर जोरात म्हणत होते, इतकी मला घाई झाली होती.

इडालिया मावशी सत्त्याऐंशीची. दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून तिला आनंद झाला की नाही ते कळलं नाही, कारण आधी तिनं माझ्या पुढ्यात अर्ध्या शेंगा ओतल्या. मी सोलता सोलता विचारलं, मामा त्या दुखण्यानं गेले का.

"पाचातले चार," ती म्हणाली. "पाचव्याला समुद्रानं तिशीतच नेलं, त्याची पाळी यायची राहिली. थोरला पंचावन्नाव्या वर्षी. मधला अरुबाला तेलाच्या कारखान्यात होता, तिथून परत आला तो खाटेवरच. आम्ही बहिणी त्याला भावांचं दुखणं म्हणायचो. आमच्या आईचा भाऊ, तोही तसाच गेला."

"मावशी, हे कधी कुणाला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुम्ही क्वाशी. तुमच्या बापाला विचारायचं, बापाच्या बापाला विचारायचं. पुरुषाचं दुखणं बाईला कोण विचारतं? आम्ही नुसतं धुतलं-पुसलं."

मी मांडीवर कागद घेतला आणि चौकोन काळे करायला लागले. एक, दोन, तीन, चार. वर आजीच्या भावाचा पाचवा. टोक मोडलं, मावशीच्या सुरीनं पुन्हा तासलं. आणि सगळं काळं एका बाजूला जमलं, आणि त्या बाजूला आणि आम्हाला जोडणारी एकच रेघ होती, ती आईच्या गोलातून खाली येत होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आठ महिने धुंडाळलं ते माझ्याच घरात सापडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा सापडला होता.

परतीच्या वाटेवर जबारी म्हणाला, "आई, तू शर्यत जिंकल्यासारखी हसतेयस. माणसं मेलीत ती."

मी हसू आवरलं. पण कागद हातातून सोडला नाही. त्यावर जागा संपत आली होती, म्हणून कथबर्टचा चौकोन मोठा काढला होता आणि माझा गोल कडेला, वाटाण्याएवढा. त्याखाली जबारीचा चौकोन कसाबसा बसवला होता.

कथबर्टला तो कागद मी गोठ्यात दाखवला. बोकडाचे खूर तासता तासता त्यानं तो बघितला, मग खाली बसून पुन्हा बघितला. बोट आजीवरून आईवर आणलं, आईवरून स्वतःवर. ह्या माणसाला झाडं वाचायला शिकवायची गरज नव्हती. कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "उद्या. शर्यत झाल्यावर."

मला ते पुरेसं वाटलं. शेवटची शर्यत पाचला असते. पाच ते साडेपाच, अर्धा तास हातात होता.

मंगळवारी बकूला पाय ठेवायला जागा नसते. खेकडे-डंपलिंगच्या पातेल्यांचा वास, ढोल, भोंग्यावरून ओरडणारा निवेदक, आणि पोरीबाळी नव्या टोप्या घालून. आमचा तंबू मैदानाच्या कडेला होता, सुरुवातीच्या फाटकापासून पन्नास पावलांवर. सकाळपासून अठरा पुरुष येऊन गेले होते. प्रत्येकजण आपण चुकून इकडे आलोय असं तोंड करून यायचा.

पहिल्या फेरीत पाद्रीची घाई तिसऱ्या पट्ट्यात होता. फाटक उघडलं आणि तो सुटला. जबारी मागे, दोरी ताणलेली, पांढरी चड्डी, पाय दिसेनात. शर्यतीचा नियम असा, की माणसानं दोरी सोडायची नाही. बोकड पहिला आला पण दोरी सुटली, तर सगळं फुकट. अर्ध्यात शेजारचा बोकड आडवा शिरला, जबारी एका गुडघ्यावर आला, मी किंचाळले, आणि तो तसाच उठून पळाला. पहिला नंबर. कथबर्टनं टोपी हवेत फेकली ती दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर पडली. दुसरी फेरीही आमचीच. आता उरली ती शेवटची, विजेत्यांची.

आणि ती लांबली. कुणाचा तरी बोकड फाटकातून मागे सुटून पातेल्यांच्या बाजूला शिरला होता, त्याला धरायला निम्मं मैदान धावत होतं. पाच वाजले. सव्वापाच झाले. भोंगा म्हणाला, दहा मिनिटांत शेवटची शर्यत. पेटीवाला गाडी घेऊन तंबूमागे उभा राहिला. विमान बोकडांसाठी थांबत नाही.

मी फाटकाकडे धावले. कथबर्ट बोकडाच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता. प्रत्येक शर्यतीआधी तो आपल्या बोकडाच्या कानात काहीतरी सांगतो, बावीस वर्षं एकदाही चुकलेला नाही. मी म्हटलं, आत्ता चल. तो म्हणाला, शर्यतीनंतर म्हणालो होतो. मी म्हटलं, शर्यतीनंतर गाडी गेलेली असेल. तो म्हणाला, मी नसलो तर हा पळणार नाही. माझा पारा चढला. सगळ्यांदेखत मी त्याला म्हणाले, की हा पळेल न पळेल, पण तू गेलास तर ह्याला गवत कोण घालणार? आजूबाजूचे चार-पाच जण खाली बघायला लागले.

जबारीनं दोरी मनगटाला गुंडाळली. "मामा, जा. मी सांगतो त्याच्या कानात."

"काय सांगणार?"

"तुम्ही काय सांगता?"

कथबर्ट घुटमळला. "पळ, म्हणतो. आणखी काय म्हणणार?"

तो आला. पन्नास पावलांत तीनदा मागे बघत आला. तंबूत शिरला, खुर्चीपाशी थांबला, आणि बसला नाही.

"ताई, माझ्या वहीचा नियम काय?"

"कथबर्ट, वेळ नाही."

"नियम काय?"

"आधी शेळी," मी म्हटलं.

"मग बस."

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी हसले. मी म्हटलं, अरे, मी बाई आहे. मला ती ग्रंथीच नाही.

"तारेला तरी कुठं शिंगं होती?" तो म्हणाला. खिशातून त्यानं माझाच कागद काढला, घामानं मऊ झालेला. बोट आईच्या गोलावर ठेवलं आणि खाली आणलं, पण ह्या वेळी स्वतःवर नाही, कडेच्या त्या वाटाण्यावर. आणि तिथून खाली. "हा कुणाच्या पोटचा?"

बाहेर भोंगा बोकडांची नावं घेत होता. चौथ्या पट्ट्यात पाद्रीची घाई, सोबत जबारी क्वाशी.

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आज विचारणारच होते. तुमच्या आईकडून तुम्हाला आलं असेल, तर तुमच्याकडून त्याला. शक्यता निम्मी-निम्मी. दोन्ही वेळा."

आणि मग एक्केचाळीस घरांत ज्या ज्या पुरुषाला मी नावं ठेवली होती, त्या प्रत्येकाचं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडायला लागलं. म्हटलं, आज मी सकाळपासून जेवले नाहीये. म्हटलं, माझी शीर सापडत नाही. म्हटलं, मला काहीच होत नाही, मी घोड्यासारखी आहे. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते. हात पोटाशी धरून मी उभी होते. माझं काय व्हायचं ते होवो. पण माझ्या पोरात मीच काही घातलं असेल, आणि ते कागदावर येईल, ही भीती मला कधी शिवलीच नव्हती. मी दुसऱ्यांचे चौकोन काळे करत बसले होते.

कथबर्टनं दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी लावली. "एकदम बसू," तो म्हणाला. "फाटक एकदमच उघडतं."

आम्ही दोघं बसलो. त्यानं डावा हात पुढे केला, मी उजवा. मधल्या दोन हातांची बोटं कधी एकमेकांत गेली ते कळलं नाही. लहानपणी आईच्या मागे चर्चला जाताना जायची तशी. बाईंनी मला सुई लावली, त्यांच्या सोबतच्या परिचारिकेनं त्याला. त्याच क्षणी फाटक उघडल्याचा आवाज आला आणि मैदान उठलं.

तंबूला खिडकी नव्हती. दिसत होत्या त्या माणसांच्या पाठी. ऐकू येत होता फक्त भोंगा. सुटले. सातव्या पट्ट्यातला पुढे. पाद्रीची घाई मागे, पाचवा. कथबर्टनं डोळे मिटले. "दबकतोय," तो पुटपुटला. "पोस्टमास्तरीण अशीच दबकायची." परिचारिका म्हणाली, मूठ आवळा. त्याची मूठ आधीच दगड झाली होती. रक्त कुपीत धारेनं चढत होतं. भोंगा ओरडला, चौथ्या पट्ट्यातला सरकतोय. चौथा. तिसरा. बाई मला म्हणाल्या, हात हलवू नका, आणि स्वतः मान वळवून दाराकडे बघत होत्या. जबारी सरकतोय, जबारी, दोन बोकड अंगाला अंग लावून, आणि मग निवेदकाचा आवाजच चिरकला, भोंगा खरखरला, आणि लोकांच्या गर्जनेत काहीच कळेना.

"कोण?" कथबर्ट डोळे न उघडता म्हणाला. "ताई, कोण?"

दारातून जबारी आत आला. छाती वरखाली, गुडघ्यातून रक्त, डाव्या मनगटाला दोरी करकचून गुंडाळलेली आणि तिच्या टोकाला बोकड. बोकडानं आत येऊन आधी बाईंच्या टेबलावरचा कापूस खाल्ला.

"मानेनं," जबारी म्हणाला. "फक्त मानेएवढ्या फरकानं जिंकलो, मामा." मग त्यानं माझ्या हातातली सुई बघितली. माझ्याकडे बघितलं. कागद टेबलावर उघडाच होता. त्यानं तो वाचला. आमच्या घरात झाडं सगळ्यांनाच वाचता येतात. त्यानं गुडघा पुसला, तिसरी खुर्ची ओढली आणि हात पुढे केला. बाई म्हणाल्या, तुझं वय अजून झालेलं नाही, तुला एवढ्यात गरज नाही, आईचं आधी येऊ दे. तो म्हणाला, "गाडी उभी आहे ना? मग घ्या." पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी पेटीचं झाकण लागलं.

सात आठवड्यांनी निकाल आले. कथबर्टच्या रक्तातला प्रोस्टेटचा आकडा चढलेला निघाला. मग पुढच्या तपासण्या, हातमोजासुद्धा. त्याचं वर्णन त्यानं गोठ्यावर जमलेल्या सगळ्या पुरुषांना इतकं रंगवून सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्यांतले तिघे दवाखान्याच्या बाकावर दिसले. गाठ होती. लहान होती, ग्रंथीच्या आतच होती. पोर्ट ऑफ स्पेनच्या डॉक्टरांनी सांगितलं, की दोन वर्षं आणखी बदामाच्या झाडामागे काढली असती तर बोलण्यात अर्थ नव्हता. आता आहे. शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टात तो पुन्हा बोकडाला पोहायला नेऊ लागला.

ते चुकलेलं अक्षर त्याच्यात होतं. माझ्यातही होतं. आणि जबारीतही.

हे मला डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. मी रडले. मोठ्यानं रडले, मला हळू काही येतच नाही. जबारीनं मला रडू दिलं. मग म्हणाला, "मामांना बावन्नाव्या वर्षी कळलं. अरुबाच्या आजोबांना खाटेवर कळलं. मला एकोणतिसाव्या वर्षी कळलंय. चाळिशीला तपासण्या सुरू. आई, मी अकरा वर्षं आधी सुटलोय. मला गाठणार कोण?"

मग मी कामाला लागले. एक्केचाळीस घरं पुन्हा केली, आईच्या बाजूनं. म्हाताऱ्या बायकांना आधी वाटायचं मी चुकून त्यांना विचारतेय. एकदा बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. सहा घरांत नवे काळे चौकोन निघाले. बाई पुन्हा आल्या, ह्या वेळी दोन वर्षांसाठी.

परवा कथबर्टनं मला गोठ्यावर बोलावलं आणि निळी वही पुढे केली. शेवटच्या पानावर त्यानं नवी ओळ धरली होती. सगळ्यात वर आई, मर्टल, शार्लटव्हिलची. खाली आम्ही. रकाने तेच, रंग, शिंगं, धाव, स्वभाव. माझ्यापुढे स्वभाव लिहिला होता, 'चावते'. जबारीपुढे धाव, 'मानेनं पुढे'. शिंगांच्या रकान्यात आम्हा तिघांपुढे एकेक छोटी खूण.

आईपुढे शिंगांची खूण होती, पण धावेचा रकाना कोरा होता. मी विचारलं, हा का सोडलास?

"काय लिहू?" तो म्हणाला. "तिची धाव कुणी बघितलीच नाही."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं. आणि त्या रकान्यात लिहिलं, 'इथपर्यंत आली'.